जुना डिझेल पिकअप, साडेचार टनांची ट्रॉली आणि सात टक्क्यांचा उतार

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे चुकीचं समजलो असेन तर लक्षात येईल. तुम्ही डेन्व्हरजवळ राहता. १९९७ ची डॉज रॅम २५००, ५.९ लिटरचं कमिन्स कंपनीचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, अडीच लाख मैल चाललेली, अशी गाडी घेतलीत. ग्रँड जंक्शनकडे जमीन आहे. तिथे स्किड-स्टीअर (छोटं लोडर यंत्र) आणि सामान न्यायला दोन अॅक्सलची ट्रॉली ओढायची आहे, भरून दहा हजार पौंड, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास. चढावर गाडी चाळीस मैलांवर येते, मागच्या गाड्या हॉर्न मारतात. कुणी डिझेल फवारणारे मोठे नोझल सुचवले, कुणी टर्बो, कुणी डिझेल पंपाची फ्युएल प्लेट, म्हणजे इंजिनाला जास्तीत जास्त किती डिझेल मिळेल ते ठरवणारी पट्टी, घासायला सांगितली. आणि तुम्ही विचारता, यातलं आधी काय करू?

यातलं आधी काहीच करू नका. प्रश्न तुम्ही ताकदीचा विचारलाय, पण तुमच्या गाडीची खरी अडचण उष्णतेची आहे. ब्रेकमधली, गिअरबॉक्सच्या ऑइलमधली आणि सगळ्यात शेवटी इंजिनाच्या धुरातली.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात डिझेल पंपाचं काम शिकलो आणि गेली सोळा वर्षं कोलोरॅडोत डिझेलच्या गाड्या उघडतोय. तुमचं इंजिन मला नवं नाही. १९९३ मध्ये टाटा आणि कमिन्सनी जमशेदपूरला एकत्र कंपनी काढली आणि तिथे हेच ५.९ लिटरचं सहा सिलेंडरचं घराणं टाटाच्या ट्रकांसाठी बनू लागलं. आपल्याकडची १६१३ आठवते का? नावातच सगळं आहे: सोळा टन, एकशेतीस अश्वशक्ती. तुमच्या पिकअपमध्ये त्याच घराण्याचं इंजिन १८० अश्वशक्ती देतं आणि ट्रक-ट्रॉली मिळून वजन साडेसात टन. तरी १६१३ घाट चढायची आणि तुम्ही अडखळता, कारण तिच्याकडे खालचे गिअर होते आणि ड्रायव्हरला घाई नव्हती. इंजिन कमजोर आहे हा समज आधी डोक्यातून काढा. त्या गाडीत इंजिन हा सगळ्यात दणकट भाग आहे. बाकीची गाडी त्याला पुरी पडत नाही.

थोडा हिशेब करू. साडेसात टन वजन सात टक्के चढावर ताशी साठ मैलांनी वर न्यायचं तर नुसतं वजन उचलायला १८५ अश्वशक्ती चाकांवर लागते. हवेचा आणि टायरचा विरोध वेगळा. तुमचं इंजिन फ्लायव्हीलला १८० देतं, ऑटोमॅटिकमधून चाकापर्यंत १४० च्या आसपास पोचते. म्हणजे चाळीस मैल हा बिघाड नाही, ते गणिताचं उत्तर आहे. साठनेच चढायचं असेल तर इंजिनाकडून तीनशेच्या आसपास काढायला लागेल. ते इंजिन देईलही, हसत देईल. पण त्या दिवशी गिअरबॉक्स रडेल.

आता उलटी बाजू, उताराची. तुमच्या वाटेवरच्या आयसेनहॉवर बोगद्याचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे, ३,४०० मीटर. लोणावळा सहाशेवीसेक मीटरवर येतं, यावरून अंदाज करा. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलात की सिल्व्हरथॉर्नपर्यंत गाडी सातशे मीटरहून जास्त खाली उतरते, आठेक मैलांत. साडेसात टन वजन तेवढं खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिने दीडशे लिटर गार पाणी उकळेल. आजीच्या न्हाणीघरातले सात-आठ बंब समजा. ती उष्णता कुठेतरी जायलाच हवी. तुम्ही गिअर लावला नाहीत तर ती सगळी ब्रेकच्या ड्रम-डिस्कमध्ये जाते. त्या उतारावर कडेला खडीचे चढ करून ठेवलेत, ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी, ते शोभेला नाहीत.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, स्वतः भाजून सांगतोय. माझी पहिली रॅम १९९६ ची होती. डिझेल पंपाचं काम करणारा माणूस मी, त्यामुळे पहिल्याच रविवारी फ्युएल प्लेट पुढे सरकवली. गाडी अशी उडाली की बायको म्हणाली, हळू. दोन आठवड्यांनी मित्राचा ट्रॅक्टर ट्रॉलीवर घालून निघालो. चढ मस्त चढलो, अभिमानाने. उतारावर पाचव्या मैलाला पेडल मऊ लागलं आणि जळक्या लायनरचा वास आला. कडेला घेतली. उजव्या मागच्या चाकातून धूर, डाव्याला हात लावला तर गारढोण. घरी आणून डावा ड्रम काढला तर लायनर काळे चकचकीत, बोटाने पुसलं तर गिअर ऑइल. अॅक्सलचं सील कधीपासून गळत होतं देव जाणे. म्हणजे मागे एकाच चाकाने मी ती गाडी धरून ठेवली होती. त्या गाडीला मी साठ अश्वशक्ती दिली होती आणि वीस डॉलरचं सील पाहिलं नव्हतं.

म्हणून पहिला दिवस चाकांचा. चारही चाकं काढा. मागचे ड्रम उघडा, व्हील सिलेंडरच्या रबराखाली ओल आहे का बघा, सील बघा, ब्रेकच्या रबरी नळ्या बोटाने वाकवून तडे बघा. पंचवीसहून जास्त वर्षांच्या नळ्या वरून धड दिसतात आणि आतून सुजून बंद होतात. मग ब्रेक लागतो पण सुटत नाही. सरळ बदला. ब्रेक ऑइल पूर्ण नवं घाला, ते हवेतलं पाणी ओढतं आणि गरम झालं की त्याच पाण्याची वाफ होते. पेडल मऊ पडतं ते त्यामुळे. पुढच्या बाजूला ट्रॅक बार (पुढचा अॅक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) आणि स्टिअरिंगचा खेळ बघा. या पिढीच्या रॅमचा ट्रॅक बार झिजतो हे सगळ्यांना माहीत आहे, ट्रॉली मागे लागली की गाडी लेनमध्ये पोहायला लागते आणि लोक उगाच ट्रॉलीला शिव्या देतात. टायर लोड रेंज ई चेच, म्हणजे जड वजनासाठीचेच, हवेत, आणि कितीही नक्षी शिल्लक असो, बाजूच्या भिंतीवरची तारीख वाचा. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत निम्म्यांचे टायर नव्यासारखे दिसतात आणि दहा वर्षांचे असतात.

ट्रॉलीचे ब्रेक ही गाडीच्या ब्रेकइतकीच मोठी गोष्ट आहे. साडेचार टन तुमच्या पिकअपपेक्षा जड आहे. तिने स्वतःला थांबवलं पाहिजे. इथल्या बहुतेक राज्यांत तीन हजार पौंडांच्या वरच्या ट्रॉलीला ब्रेक कायद्यानेच लागतात. विजेवरचे असतील तर केबिनमधला कंट्रोलर चांगला घ्या, गाडी किती जोरात मंदावतेय हे ओळखून त्या प्रमाणात करंट सोडणारा. ठरावीक वेळाने ठरावीक करंट देणारे स्वस्त मिळतात, ते डोंगरासाठी नाहीत. आणि ट्रॉलीच्या ड्रममधलं अॅडजस्टमेंट हाताने करा, दोन्ही अॅक्सलचं. अर्थिंगची वायर गंजलेली असेल तर कंट्रोलर कितीही भारी असो, चुंबकाला पुरेसा करंट पोचत नाही. ट्रॉली सुटली तर स्वतःचे ब्रेक लावणारी तार आणि तिची छोटी बॅटरी असते, तीही तपासा. ती बॅटरी मेलेली नाही अशी जुनी ट्रॉली मी क्वचितच पाहिलीय.

वजनाचं काही इथून सांगता येत नाही, ते तुमच्यावर आहे. दहा हजार पौंड हा तुमचा अंदाज आहे की काट्यावरचा आकडा? मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट कंपनीचे वजनकाटे असतात, थोड्या डॉलरांत प्रत्येक अॅक्सलची पावती मिळते. एकदा ट्रॉलीसकट करा, एकदा नुसत्या ट्रकचं. जिभेवर, म्हणजे हुकावर, ट्रॉलीच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के यायला हवं, तुमच्या बाबतीत ४५० ते ६८० किलो. कमी आलं तर ट्रॉली शेपटीसारखी हलते. स्किड-स्टीअर थोडं पुढे घ्या. जास्त आलं तर मागचे पाटे बसतात आणि पुढची चाकं हलकी होतात. मग दारावरच्या स्टिकरशी आणि गाडीच्या पुस्तकातल्या तुमच्या अॅक्सल-गुणोत्तराच्या आकड्याशी ताडून बघा. हे आकडे इंजिन ट्यून करून वाढत नाहीत. मागच्या पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअर बॅग) घालूनही नाही. त्याने गाडी सरळ दिसते एवढंच.

आता गिअरबॉक्स, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे.

तुमचा गिअरबॉक्स ४७ आरई. चार गिअर, तिसरा सरळ एकास एक, चौथा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन सावकाश फिरवणारा. साध्या ३.५४ च्या अॅक्सलवर साठ मैलांना ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन १,६५० आरपीएमवर फिरतं आणि तिसऱ्यात २,४०० वर. ट्रॉली असताना ओव्हरड्राइव्ह बंद, याला अपवाद फक्त सपाट रस्त्याचा. आता चढावर तुम्ही चाळीसवर आलात. तिसऱ्यात आरपीएम १,६०० होतात, इंजिन गुदमरतं, म्हणून गिअरबॉक्स दुसऱ्यात जातो. आरपीएम २,३०० ला येतात, इंजिन खूष. पण कंपनीच्या गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, फक्त तिसऱ्या-चौथ्यात लॉक होतो. दुसऱ्यात तो मोकळा असतो. म्हणजे नेमक्या सगळ्यात जड चढावर, दहा-दहा मिनिटं, इंजिनाच्या ताकदीचा एक हिस्सा ऑइल घुसळण्यात जातो आणि ऑइल तापतं. साधारण २०० फॅरेनहाइटपर्यंत ठीक. २५० च्या पुढे ऑइल आणि सीलं दोन्ही वेगाने म्हातारी होतात. तुमच्या गाडीत ते दाखवणारं मीटरच नाही, त्यामुळे तुम्हाला कळतं तेव्हा ऑइल तपकिरी होऊन त्याला करपलेला वास येत असतो.

या अवस्थेत मोठे नोझल टाकले तर काय होईल? जास्त ताकद, जास्त घुसळण, आणि तिसऱ्यात लॉक झालेला कन्व्हर्टरचा एकुलता एक क्लच घसरायला लागेल. अशा जळक्या गिअरबॉक्सच्या गाड्या दर उन्हाळ्यात माझ्या दारात येतात आणि मालकाचं पहिलं वाक्य एकच असतं: इंजिन एकदम मस्त आहे.

तेव्हा आधी गिअरबॉक्सच्या ऑइलचं मीटर. मग मोठा कूलर, पंख्यासकट. पॅन उघडून फिल्टर, एटीएफ+४ ऑइल, बँडचं अॅडजस्टमेंट आणि थ्रॉटलची केबल. ही केबल थोडी जरी ढिली असली तर आतला प्रेशर कमी पडतो आणि क्लच घसरतात; फुकटचं काम आहे आणि निम्म्या गाड्यांत चुकलेलं असतं. पॅनच्या तळाशी राखाडी चिखल थोडा असतोच. चकाकते कण असतील तर पुढचा खर्च ठरला: चांगला व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलच्या दाबाने गिअर बदलणारा भाग), जास्त क्लचचा कन्व्हर्टर आणि दुसऱ्यातही लॉक करता येण्याची सोय. चार-पाच हजार डॉलर सहज जातात. माझ्या मते या गाडीवर मोठी रक्कम एकाच ठिकाणी घालायची तर ती इथे घाला. काही लोक जुनाच कन्व्हर्टर ठेवून नुसतं लॉकचं बटण बसवतात. रिकाम्या गाडीला चालतं. ट्रॉलीला लावलंत तर क्लच जाळायचं बटण आहे ते.

एक बारीक गोष्ट, जी बऱ्याच मेकॅनिकांनाही माहीत नसते. या गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये ठेवल्यावर ऑइल कूलरकडे फिरत नाही. चढ चढून वर थांबलात आणि ऑइल थंड करायचं असेल, तर हँडब्रेक ओढा, चाकांखाली ठोकळे लावा आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. ऑइलची पातळीही न्यूट्रलमध्येच बघायची.

उतारासाठी एक्झॉस्ट ब्रेक घ्या. धुराची वाट अडवून इंजिनालाच ब्रेक बनवणारी ती झडप. एसटीचे जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा. कायदा तोच, पण ऑटोमॅटिकमध्ये एक अडचण आहे. पाय उचलला की कन्व्हर्टर अनलॉक होतो, आणि चाकांचा जोर इंजिनापर्यंत धड पोचतच नाही. म्हणून एक्झॉस्ट ब्रेक आणि गिअरबॉक्सचं वरचं काम यांची जोडी आहे, पहिलं दुसऱ्याशिवाय करू नका. शिवाय कंपनीच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्ह स्प्रिंग मऊ आहेत. मागचा दाब वाढला की व्हॉल्व्ह उघडे राहतात. साठ पौंडांच्या स्प्रिंग आधी टाकाव्या लागतात. मॅन्युअल गाडी असती तर यातलं बरंचसं सोपं झालं असतं, पण आता ऑटोमॅटिक घेतलीय तर घेतलीय.

इंजिनाकडे येऊ. बारा व्हॉल्व्हच्या या इंजिनात पुढच्या टायमिंग गिअरच्या घरात एक पोलादी पिन असते, करंगळीच्या पेराएवढी. काम असतं घर जागेवर बसवण्याचं. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती हळूहळू बाहेर सरकते, आणि एक दिवस गिअरमध्ये पडते. घर फुटतं, कधी इंजिनही. म्हणूनच इकडे तिला किलर डॉवेल पिन म्हणतात. पुढचं कव्हर उघडून तिच्यावर एक पत्र्याची पट्टी बोल्टखाली दाबायची, पार्ट किरकोळ, मजुरी एका दिवसाची. मागच्या मालकाने केलंय म्हणाला तर बिल मागा. बिल नसेल तर केलेलं नाही असं धरून चाला. त्याच वेळी क्रँकचं पुढचं सील नवं बसवून घ्या.

दुसरं, रेडिएटर मागच्या बाजूने बघा. या इंजिनाचा श्वास सोडणारा पाइप पुढेच उघडतो, त्यातून तेलाची वाफ उडते, पंखा ती रेडिएटरवर घेतो आणि तिच्यावर धूळ बसते. पुढून जाळी स्वच्छ दिसते. मी एकदा बॅटरीच्या उजेडात आरशाने मागची बाजू पाहिली, तर गोधडी पांघरल्यासारखी. फॅनचं शराउड काढून डिग्रीझर मारून मागून पुढे पाणी मारा, आणि तो पाइप लांब करून इंजिनाच्या मागे न्या. एवढ्याने चढावरचं तापमान उतरलेलं मी अनेक गाड्यांत पाहिलंय. फॅन क्लच गरम झाल्यावर गुरगुरला पाहिजे. गप्प असेल तर मेला.

डिझेलची बाजू: टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळ्यांचे तुकडे बदला, त्या हवा धरतात आणि आपण पंपाला दोष देतो. पुरवठ्याचा दाब मोजा. मध्यम आरपीएमला पंचवीस ते तीस पीएसआय हवा. पी७१००, म्हणजे तुमचा मुख्य डिझेल पंप, मात्र उगाच उघडायला देऊ नका. तो सरळ यांत्रिक आहे, आणि चालतो तर त्याला चालू द्या. (हेच १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या चोवीस व्हॉल्व्हच्या गाडीत उलटं आहे. तिथला व्हीपी४४ पंप डिझेलवरच थंड राहतो, म्हणून पुरवठ्याचा छोटा पंप कमजोर झाला की मोठा जातो. त्या गाडीत पहिला खर्च पुरवठ्याच्या पंपाचा आणि प्रेशर मीटरचा.)

एवढं सगळं झालं की मग ताकद, आणि तीही बेताची. पायरोमीटर (धुराचं तापमान दाखवणारं मीटर) आणि बूस्टचं, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाचं, मीटर बसवल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही. पायरोमीटरचा सेन्सर टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये. टर्बोच्या मागे लावला तर लोडवर आकडा बराच कमी दिसतो आणि आपण फसतो. लांब चढावर १,२५० फॅरेनहाइट ही माझी रेघ आहे. दहा-अकरा हजार फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास उरते, म्हणून सपाटीवर सुरक्षित असलेलं ट्यूनिंग बोगद्याजवळ पिस्टन भाजतं. खालून आलेले लोक इथेच चुकतात. टर्बोने बूस्ट भरून निघते हे खरं, पण त्यासाठी तो जास्त वेगाने फिरतो, आणि त्यालाही मर्यादा आहे.

तुमच्या कामाला गव्हर्नरच्या, म्हणजे पंपातल्या आरपीएम आवरणाऱ्या भागाच्या, स्प्रिंग बदलणं सगळ्यात उपयोगी, कारण कंपनीचा गव्हर्नर २,५०० च्या आसपासच डिझेल आवरतो आणि दुसऱ्या गिअरमध्ये तुम्हाला हवं तिथेच हात आखडतो. सोबत प्लेट थोडी पुढे, इंटरकूलरचे होस घट्ट, चार इंची सायलेन्सर पाइप. टर्बो आहे तोच होल्सेट एचएक्स३५ राहू द्या. मोठे नोझल नकोत. यात तुम्हाला चढावर पन्नासच्या आसपास मिळतील. साठ हवेच असतील तर मी तुम्हाला स्पष्ट सांगेन, ती गाडी विका आणि एक टनी, म्हणजे याहून वरच्या वर्गातली, नवी घ्या. या गाडीत तेवढे पैसे घालणं हौस आहे, हौसेला माझी ना नाही. आणि चाळीसने चढायचं असेल तर उजवी लेन, ब्लिंकर चालू. हॉर्न मारणाऱ्यांनाही त्याच बोगद्यातून जायचंय.

पैसे आणि वेळ किती आहे यावर क्रम थोडा पुढेमागे होईल. वर्षाला दोनच फेऱ्या असतील तर गिअरबॉक्सचा मोठा खर्च थांबवा: कूलर आणि मीटर लावा, सामान दोनदा विभागून ट्रॉली हलकी न्या, सकाळी थंडात निघा. दर आठवड्याला जायचं असेल तर गिअरबॉक्स आधी, आणि तोवर बोगद्याच्या पलीकडे ट्रॉली नेऊ नका.

भरलेली पहिली फेरी डोंगरात नको, सपाटीवर करा. वीस मैलांवर थांबा आणि सगळ्या चाकांजवळ हात न्या, ट्रकची चार आणि ट्रॉलीची चार. आधी तळहात लांब ठेवून, मग जवळ. ट्रॉलीची चारही सारखी कोमट असायला हवीत. एकच गरम असेल तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक, एकच गार असेल तर तो ब्रेक कामच करत नाही. नट परत आवळा, हुकाची खीळ बघा, आणि पुढच्या वेळी मला विचाराल तेव्हा पाठवता यावं म्हणून काट्याची पावती आणि गिअरबॉक्सच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. तो पाहून प्लेट किती सरकवायची ते सांगेन.